विहाराच्या लॉनमध्ये उगवणारी झाडे

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आपल्या विहाराच्या लॉनकडे एकदा वाकून पाहावे. वरून हिरवेगार दिसणाऱ्या गवतात दोन-दोन पानांची शेकडो रोपटी डोके वर काढताना दिसतात. ती कोणी लावलेली नसतात. काही वाऱ्याने येतात, काही पाखरांच्या विष्ठेतून येतात, काही शेणखतातून येतात, तर काही शेजारच्या झाडावरून सरळ खाली पडतात. पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुढे श्रावणात लॉनवर सतरंजी अंथरायला गेले म्हणजे ती टोचू लागतात. आणि दोन पावसाळे तशीच गेली तर मग खुरप्याचे काम कुऱ्हाडीवर जाते.

आमच्या नागपुरातील वस्तीतल्या विहाराचे लॉन काही मोठे नाही. लांबी चाळीस फूट, रुंदी पंचवीस फूट. पण अख्ख्या वस्तीत मुलांना अनवाणी पळता येईल अशी तेवढीच जागा आहे. संध्याकाळी तिथे बालवर्ग भरतो, रविवारी वंदना झाल्यावर बाया तिथेच बसतात, परीक्षेच्या दिवसांत मुले पुस्तके घेऊन तिथेच पसरतात. हे विहार गिरणीत राबणाऱ्या, रेल्वेत ओझी वाहणाऱ्या, घरोघरी बसून विड्या वळणाऱ्या माणसांच्या वर्गणीतून उभे राहिले. त्यातली एकेक वीट कोणाच्या तरी पोटाला चिमटा घेऊन आलेली आहे. म्हणूनच त्या लॉनमध्ये काय उगवते याची चौकशी आम्हाला करावी लागली. चौकशी उशिरा झाली, हेही कबूल केले पाहिजे.

झाले असे. लॉनच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पिंपळाचे रोप उगवले होते. बोटाएवढे होते तेव्हा ते आम्ही सर्वांनी पाहिले. "बोधिवृक्ष आपणहून विहारात आला," म्हणून आम्हाला आनंदच झाला. कोणी त्याच्याभोवती विटांचे आळे केले, बुद्धजयंतीला कोणी त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. पाचव्या पावसाळ्यात भिंतीला तडा गेला. सातव्या पावसाळ्यात एका रात्री बारा फूट भिंत बाहेरच्या गल्लीत आडवी झाली. ज्या जागेवर ती पडली तिथे दिवसा मुले गोट्या खेळतात. रात्रीचे दोन वाजले होते म्हणून निभावले. अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी दोन वर्षे जमवलेले पैसे त्या भिंतीत गेले.

बरे, झाड काढायचे तर तेही आता सोपे राहिले नव्हते. शहरी भागातील मोठे झाड तोडण्यासाठी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज, पाहणी, पुन्हा चकरा. हा कायदा चांगलाच आहे, नसता तर शहरात सावली उरली नसती. पण जे काम पहिल्या वर्षी दोन बोटांनी झाले असते त्यासाठी आम्हाला सहा महिने खेटे घालावे लागले.

एवढे होऊनही पुढच्या पावसाळ्यात लॉनमध्ये पुन्हा पिंपळाची रोपे दिसली तेव्हा वाद झालाच. महिला मंडळातील काही जणींनी खुरपे काढले तशी एक वृद्ध आजी म्हणाली, "अवं बाई, पिंपय हाय तो. त्याले हात नको लावू. घरावर येते." आजीच्या लहानपणी गावाबाहेरच्या पिंपळावर मुंजा राहतो असे सांगत आणि तिन्हीसांजेला त्या बाजूने कोणी जात नसे. ती भीती तिच्या हाडात बसलेली आहे. दुसऱ्या बाजूला शिकलेली तरुण मुले म्हणाली, "भगवंतांना ज्या वृक्षाखाली बोधी प्राप्त झाली तो आपणच उपटायचा? लोक काय म्हणतील?" आम्हाला गंमत वाटली ती ही की, आजी भीतीने बोलत होती, मुले आदराने बोलत होती, आणि दोघांच्या बोलण्याचा परिणाम एकच होता. पिंपळ भिंतीशी तसाच राहणार होता.

त्याच दिवसांत वर्षावासासाठी भन्ते विहारात मुक्कामाला आले होते. आम्ही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. भन्ते हसले आणि म्हणाले, "हे रोप ओळखा." एवढेच. उपटा असे म्हणाले नाहीत आणि राहू द्या असेही म्हणाले नाहीत. आधी आम्हाला वाटले, भन्तेंनी प्रश्न टाळला. पण नंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते सर्व उपासक-उपासिकांनी ऐकण्यासारखे आहे.

विनयाप्रमाणे भिक्खूला वाढती वनस्पती तोडता किंवा उपटता येत नाही. पातिमोक्खातील पाचित्तिय नियमांपैकी अकरावा नियम हाच आहे. आळवी येथे राहणारे भिक्खू झाडे तोडू लागले, लोकांनी नावे ठेवली, तेव्हा भगवंतांनी तो घालून दिला. भिक्खूने "हे तोडा" अशी आज्ञाही करायची नाही. फार तर "हे पाहा, हे ओळखा" असे सुचवायचे आणि पुढचे काम समजदार उपासकाने करायचे. आज आपण वर्षावास पाळतो त्याच्यामागेही हिरव्या कोंबांचीच कथा आहे. राजगृहात असताना लोक कुरकुर करू लागले की पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून एका जागी राहतात, आणि हे शाक्यपुत्र श्रमण मात्र भर पावसात हिंडून कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. लोकांचे म्हणणे भगवंतांनी मनावर घेतले आणि पावसाळ्यात भिक्खूंनी तीन महिने एका ठिकाणी राहावे असा नियम केला. आषाढ पौर्णिमेनंतर वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपल्या लॉनमध्ये रोपटी उगवतात, याची संगती आम्हाला त्या दिवशी लागली.

पण हा नियम भिक्खूंचा आहे. आपण गृहस्थ आहोत. पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. शेतकऱ्याने निंदण करू नये, आईने भाजी चिरू नये असे ते सांगत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तिथे प्रश्न प्राण्यांचा आहे, पण कोणतीही कृती गरजेने होते की नुसत्या हौसेने, हे तपासण्याची सवय रोपट्यांच्या बाबतीतही उपयोगी पडते. उगाच पाने ओरबाडीत जाणारा मुलगा आणि भिंत वाचवण्यासाठी रोप काढणारी बाई यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

मग आम्ही भन्तेंच्या शब्दाप्रमाणे ओळखायलाच बसलो. बालवर्गातील मुलांना वह्या दिल्या आणि लॉनमधले प्रत्येक वेगळे रोपटे शोधायला सांगितले. एका रविवारात आठ जाती निघाल्या.

सर्वांत जास्त होता कडुनिंब. शेजारच्या अंगणातला निंब लॉनवर झुकलेला आहे. जून-जुलैत निंबोळ्या पिकून पडतात, पाखरे गर खाऊन बी टाकतात. निंबाच्या रोपाची पाने दातेरी असतात, आणि चव घेतली की ओळख पक्की. त्याची एक गोष्ट चांगली. निंबोळीचे बी फार दिवस जिवंत राहत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती संपते. म्हणून निंबाची रोपे एकदमच येतात आणि ती एकदा काढली की त्या वर्षापुरता विषय संपतो. निंबोळ्या पडण्याच्या दिवसांत रोज सकाळी झाडू मारला तर निम्मे काम आधीच होते.

सुबाभळीचे तसे नाही. तिचा आम्हाला सर्वांत जास्त ताप झाला. पिसासारखी बारीक पाने, रात्री मिटतात. शेंगांतून तपकिरी चपट्या बिया पडतात. त्यांचे कवच इतके टणक असते की त्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि दर पावसाळ्यात थोड्या थोड्या उगवतात. १९८० च्या दशकात चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी ही झाडे गावोगाव लावली गेली, त्याचे फळ आता प्रत्येक मोकळ्या जागेत दिसते. तिचे मूळ सरळ खाली जाते. वर चार बोटे रोप दिसते तेव्हा खाली वीतभर सोटमूळ उतरलेले असते. नुसते वरून तोडले तर बुडातून दोन-तीन फुटवे येतात आणि एकाच्या जागी झुडूप होते.

बाभळीची रोपे मात्र आम्हीच आणली होती! लॉनला टाकायला म्हणून गाडीभर शेणखत घेतले, ते नीट कुजलेले नव्हते. शेळ्या-गुरे बाभळीच्या शेंगा खातात, बिया पोटातून तशाच बाहेर पडतात आणि खताबरोबर येतात. आता खत पूर्ण कुजलेले घेतो आणि चाळून टाकतो. चाळणीत बिया मोजल्या तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटले. बंगल्यांच्या कडेला लावतात त्या उंच, लांब कडांच्या पानांच्या अशोकाचीही रोपे होती. त्याची फळे वटवाघळे खातात आणि बिया टाकतात. याशिवाय पलीकडच्या रस्त्यावरच्या गुलमोहराची होती. एक आंब्याची कोय रुजलेली होती. जांभळाची एका जागी तीन रोपे होती. मुले म्हणाली, कोणीतरी मूठभर बिया टाकल्या असतील. तसे नव्हते. जांभळाच्या एकाच बीतून कधी कधी दोन-तीन रोपे निघतात. मुलांनी उकरून पाहिले तेव्हा बी एकच होते. शाळेच्या पुस्तकात हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

आणि पिंपळ. अगदी कोवळा असताना पाने तांबूस असतात, पान तोडले तर पांढरा चीक येतो, आणि थोडा मोठा झाला की पानाला ती प्रसिद्ध लांब शेपटी फुटते. वडाच्या पानालाही चीक असतो, पण पान जाड आणि टोकाला बोथट असते. पिंपळाचे बी मोहरीहून बारीक. मैना, बुलबुल, कोकीळ फळे खातात आणि भिंतीवर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर बसून विष्ठा टाकतात. मातीचा कणही नसलेल्या भेगेत ते बी रुजते. तेव्हा पिंपळ विहारात "आला" हे खरे, पण तो मैनेच्या पोटातून आला. शेजारच्या दारूच्या दुकानाच्या भिंतीवरही तितकाच आला आहे, हे मुलांनीच आम्हाला दाखवले.

आता काढावे कसे, ते सांगतो.

पाऊस थांबून एक दिवस गेला की काढावे. आमच्याकडची काळी माती आहे. भर पावसात ओढले तर ढेकळासकट गवत वर येते, आणि माती वाळली तर ती सिमेंटसारखी मुळाला धरून ठेवते. मधला दिवस साधला की काम फत्ते. रोप वरून धरू नये. जिथे खोड मातीत शिरते तिथे अंगठा आणि दोन बोटांनी धरावे आणि हिसका न देता सरळ वर ओढावे. मूळ सबंध येते. दोन पानांवर असताना सहा वर्षांचे मूलही हे करू शकते. वीतभर झालेल्या रोपाला शेजारी खुरपे खोल खुपसून आधी माती सैल करावी. हातभर झाले तर सब्बल लागते, आणि कंबरेएवढे झाले तर मग आपला आळस किती ते ज्याचे त्याने पाहावे. काढून झाल्यावर खड्डा मातीने भरून पायाने दाबावा आणि जवळची हरळीची एक पेंडी तिथे खोचावी, म्हणजे जागा उघडी राहत नाही.

उघडी जागा हेच रोपट्यांचे खरे घर. आमच्या लॉनमध्ये सर्वांत जास्त रोपे कुठे निघाली? जिथे बुद्धजयंतीचा मांडव पडतो तिथे. वैशाखात खांब रोवले जातात, हजार पाय फिरतात, गवत मरते, माती मोकळी होते, आणि महिन्याभरात पाऊस येतो. दाट हरळी असेल तर पडलेल्या बीला ऊन मिळत नाही आणि बरीच बिया उगवूनही मरतात. म्हणून मांडव निघाला की त्याच आठवड्यात खड्डे बुजवून हरळीच्या कांड्या लावायच्या आणि रोज पाणी द्यायचे. हे काम उत्सवाच्या खर्चातच धरावे असे आम्हाला वाटते. उत्सव संपला की सर्व घरी जातात आणि लॉन एकटे राहते.

गवत पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी कापत राहिले तर बरीचशी रोपटी आपोआप संपतात, कारण झाडाच्या रोपाचा शेंडा वर असतो आणि तो छाटला जातो. हरळीचे तसे नसते, ती जमिनीलगत पसरते आणि कापल्याने उलट दाट होते. यंत्र नसले तर विळा पुरतो. मात्र गवत अगदी मातीपर्यंत खरडू नये, दोन बोटे उंच ठेवावे. सुबाभूळ, पिंपळ आणि थोराड झालेला निंब नुसत्या कापण्याने जात नाहीत, त्यांना उपटावेच लागते.

तणनाशक आणून फवारा मारा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. आम्ही ते विहारात येऊ दिले नाही. ज्या गवतावर लेकरे लोळतात तिथे ते नको. विदर्भातील माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. ते औषध वेगळे होते, पण बाटलीवरचे न वाचता फवारा मारण्याची सवय तीच. रॉकेल, मीठ, ॲसिड ओतण्याचे घरगुती उपायही करू नयेत. रोपाबरोबर गवत जळते, माती बिघडते, आणि ॲसिड सिमेंटलाही खाते.

भिंतीत किंवा गच्चीवर रुजलेला पिंपळ ही जरा वेगळी गोष्ट आहे. तो ओढला की हातात खोड येते आणि मूळ भेगेतच राहते. ते पुन्हा फुटते आणि जाड होत होत भिंत फोडते. उन्हाळ्यातच गवंड्याकडून तेवढा गिलावा फोडून मूळ शक्य तितके काढावे आणि भेग सिमेंटने पक्की भरावी. मूळ निघतच नसेल तर दर आठ दिवसांनी नवे कोंब खुडत राहावे. पानेच मिळाली नाहीत की मुळातला साठा संपतो आणि ते मरते. चिकाटी लागते, पण पैसा लागत नाही.

राहिला बोधिवृक्षाच्या आदराचा प्रश्न. यात आम्ही मुलांशी भांडलो नाही, त्यांना इतिहास सांगितला. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला, आणि १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिथे नवे रोप लावले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि अनुराधापूरला तो वृक्ष आजही उभा आहे. तिथल्याच फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणल्या आणि त्यातून आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष वाढला. विनयात पाच प्रकारची बीजे सांगितली आहेत. काही मुळापासून वाढतात, काही खोडापासून, काही पेरापासून, काही शेंड्यापासून आणि काही बियांपासून. त्यात पिंपळ, वड, उंबर ही खोडापासून वाढणाऱ्यांत घातलेली आहेत. म्हणजे फांदी लावून झाड करता येते हे त्या काळीही ठाऊक होते. हे सर्व वृक्ष माणसांनी जागा पाहून, हाताने लावले. भिंतीच्या बुडाशी आपोआप उगवला म्हणून कोणी त्यांना बोधिवृक्ष मानले नाही.

तेव्हा ठरले असे. लॉनमधली निंब, सुबाभूळ, बाभूळ, गुलमोहर, अशोक काढायचे. जांभूळ आणि आंबा पिशव्यांत भरून ज्यांच्या गावी शेत आहे त्यांना द्यायचे. पिंपळाची चार रोपे होती, त्यातले सर्वांत जोमदार एक मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह काढून पिशवीत लावायचे आणि बाकीची तीन उपटायची. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेले खत. पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवायचे. आजी हे सर्व ओट्यावर बसून पाहत होती. पिशवी भरून झाल्यावर म्हणाली, "आन् इथं, म्या पानी टाकते." हात लावू नको म्हणणारी तीच आजी. पुढे आठ दिवस तिने कोणाला त्या पिशवीजवळ जाऊ दिले नाही.

पिंपळ पिशवीत तीन-चार फूट होईपर्यंत वाढवावा आणि मगच पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावावा. इमारत, भिंत, गटाराचे नळ आणि संडासाची टाकी यांच्यापासून निदान चाळीस फूट तरी दूर. आमच्या विहाराच्या आवारात अशी जागा नाही, हे आम्ही टेपने मोजून पाहिले. वस्तीच्या टोकाला खेळाचे सरकारी मैदान आहे, त्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात तो लावू द्यावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे. उत्तर यायचे आहे. पिशवीतल्या पिंपळाला आता अकरा पाने झाली आहेत. पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या आहेत आणि या आठवड्याची पाळी सहावीतल्या मुलींची आहे.